बीपी आहे म्हणून मानेची सोनोग्राफी करताय? या चुका टाळा

कॅरोटिड डॉपलर म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या, मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी. जेल लावून प्रोब फिरवतात. सुई नाही, रेडिएशन नाही, उपाशी राहायचीही गरज नाही. तरीही रावेर-चोपड्याहून पहाटेच्या एसटीने जळगाव गाठणारी मंडळी बीपीची गोळी न घेताच येतात. असं करू नका. गोळी घ्या, नाश्ता करा आणि जुने रिपोर्ट सोबत ठेवा.

सगळ्यात घातक चूक रिपोर्ट हातात आल्यावर होते. 'नॉर्मल' वाचलं की गोळ्या बंद! "माले काही व्हत नही," असं म्हणत माणूस वर्षभर बीपी मोजत नाही. मानेतली नळी स्वच्छ आहे म्हणजे हृदयाच्या नळ्याही स्वच्छ आहेत असं नाही, आणि वाढलेलं बीपी किडनी, डोळ्याचा पडदा, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या यांना इजा करतच राहतं. गोळी बंद करायचा निर्णय या रिपोर्टवरून होत नाही.

उलटी चूकही तितकीच होते. 'आयएमटी १.० मिमी' वाचून घरात रडारड. आयएमटी म्हणजे धमनीच्या भिंतीच्या आतल्या दोन थरांची जाडी. ०.९ मिमीच्या वर ती वाढलेली धरतात, पण वयाने आणि बीपीनेही भिंत जाड होते. ते म्हणजे प्लाक, म्हणजे नळीच्या भिंतीत एका जागी साचलेला चरबीचा थर, नव्हे. भिंत एका जागी १.५ मिमीपेक्षा जाड झाली, किंवा आजूबाजूपेक्षा किमान अर्धा मिमी आत फुगली, तर त्याला प्लाक म्हणतात. धोका सांगणारी खरी गोष्ट तीच. धोका ठरवण्यासाठी आयएमटी सरसकट मोजू नये, असं अमेरिकेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनीही सांगितलं. त्यामुळे दर सहा महिन्यांनी, तेही वेगळ्या सेंटरवर जाऊन, ०.०५ मिमीचा फरक बघण्यात पैसे घालवू नका. तेवढा फरक मोजण्यातच पडतो.

रिपोर्टमध्ये नुसतं 'प्लाक दिसला' लिहिलं असेल तर विचारा: कुठे, किती जाड, मऊ की कॅल्शियमचा, नळी किती टक्के अरुंद? मऊ प्लाक पडद्यावर काळसर दिसतो आणि तो फुटण्याची भीती जास्त. टक्केवारी रक्ताच्या वेगावरून काढतात: सेकंदाला १२५ सेमीच्या वर साधारण ५० टक्के, २३० च्या वर ७० टक्के. डॉपलरचा कोन, म्हणजे प्रोबच्या लहरी आणि रक्ताचा प्रवाह यांच्यातला कोन, ६० अंशांपुढे गेला की हा आकडा फसवा येतो. आकडा आणि चित्र जुळत नसेल तर पुन्हा तपासून घ्या, मगच पुढच्या खर्चाचं बोला.

प्लाक निघाला म्हणजे लगेच ऑपरेशन, असंही नाही. बहुतेकांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), बीपीवर ताबा आणि तंबाखू कायमची बंद, एवढ्यावर ठेवतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचा; त्यात बिबडे, पापड, लोणचं आणि शेवभाजीतली शेवही मोजायची.

आणि तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातातली ताकद गेली किंवा एका डोळ्याने दिसेनासं झालं, मग ते पाच मिनिटांत बरं का होईना, तर डॉपलरची अपॉइंटमेंट घेत बसू नका. सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं.