पकडून ठेवलेला विषारी साप: हाताळताना या चुका टाळा

साप पकडताना सगळेच सावध असतात. खरी ढिलाई येते ती साप बरणीत गेल्यावर. रात्री साडेअकराला कुणाच्या तरी गोठ्यात घोणस पकडली, वनविभागाकडे नोंद करून ती सकाळी सोडायची आहे. मधले आठ-दहा तास ती तुमच्या ताब्यात असते. लोक बघायला येतात, फोटो मागतात, आणि "आता शांत झाली हो" असं कुणीतरी म्हणतं. हा लेख त्या आठ-दहा तासांबद्दल आणि सर्पोद्यानात साप सांभाळणाऱ्यांसाठी आहे. हौस म्हणून साप ठेवणाऱ्यांसाठी तो नाही. परवानगीशिवाय साप पकडणं किंवा बाळगणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.

पहिली चूक पारदर्शक बरणीची. आपल्याला साप दिसतो म्हणून ती सोयीची वाटते, पण सापालाही आपण दिसत असतो. समोरची प्रत्येक हालचाल त्याला धोका वाटते, आणि वरून कुणी टिचक्या मारल्या की तो तासन्‌तास फुत्कारत राहतो. सापाला शांत करायला अंधार आणि अंगाला चारी बाजूंनी लागणारा आडोसा यापेक्षा मोठं औषध नाही. चेन्नईजवळच्या वडनेम्मेली इथे इरुळा सर्पपकड्यांची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था आहे. प्रतिविष तयार करण्यासाठी लागणारं विष ती पुरवते. तिथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं मडक्यात ठेवतात आणि मडक्याच्या तोंडाला कापड बांधतात. काही आठवड्यांत ठरावीक वेळा विष काढून झालं की साप पुन्हा रानात सोडतात. साध्या मातीच्या मडक्यात अंधार, गारवा आणि हवा तिन्ही मिळतं.

आपल्याकडे पाईप आणि पिशवीची पद्धत याच तत्त्वावर चालते. पिशवीच्या तोंडाला पीव्हीसी पाईपचा तुकडा जोडायचा आणि भिंतीच्या कडेला ठेवायचा. घाबरलेला साप बीळ समजून बहुतेक वेळा आपणहून आत शिरतो. हात लावायची वेळच येत नाही. मात्र पिशवी अंगाजवळ धरू नका. घोणशीचे विषदंत कापडातून सहज आरपार जातात. गाठीच्या वरून धरायचं आणि पिशवी लगेच झाकणाच्या डब्यात ठेवायची.

स्वस्थ पडलेला साप शांत आहे असं मानणं ही दुसरी चूक, आणि जीव घेणारी. दिवसा मण्यार वेटोळ्यात डोकं खुपसून पडून राहते, मेल्यासारखी. तीच रात्री वेगळी असते. तिचा दंश इतका कमी दुखतो की पुष्कळदा डासच चावला असं वाटतं. थंडीत गारठलेला सापही असाच फसवतो. ऊन मिळालं की काही मिनिटांत चपळ होतो. म्हणून काम सोपं व्हावं यासाठी सापाला फ्रीजमध्ये ठेवण्याचा प्रकार कधीही करू नका. तो क्रूर तर आहेच, वर भरवशाचाही नाही. नाग त्या मानाने प्रामाणिक. फणा काढून आधी सांगतो. काही दिवसांनी तो माणसांना सरावतो आणि फणा काढेनासा होतो, तेव्हा "माणसाळला" म्हणतात. माणसाळलेला काही नसतो. त्याची इशारा द्यायची सवय तेवढी गेलेली असते.

१९८० साली पुण्यात सर्पमित्र नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे त्यांना दाखवायचं होतं. त्यातून साप हातात घ्यायची हिंमत शिकणारे खूप निघाले. शिकायची होती ती संथ हालचाल.

मानेत धरणं ही तिसरी चूक. फोटोत ते रुबाबदार दिसतं. पण शिकारी प्राणी सापाला तिथेच पकडतो, त्यामुळे मानेवर दाब आला की तो जिवाच्या आकांताने पिळवटतो. घोणस तर लांब दात वळवून स्वतःच्या खालच्या जबड्यातून तुमच्या बोटात रुतवू शकते. शरीराखाली हूक घाला आणि वजन तोलून धरा. चिमट्याने आवळू नका, बरगड्या मोडतात. जखम तपासायची असेल तर पारदर्शक नळी वापरा. साप आत वळू शकणार नाही एवढीच ती रुंद हवी. पुढचा एक तृतीयांश भाग आत गेला की नळी आणि शरीर एकत्र धरायचं.

लहानसहान गोष्टींनीही साप बिथरतो. उंदीर हाताळून त्याच हाताने पिंजरा उघडला तर त्याला भक्ष्याचा वास येतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही. तेव्हा त्याला हातच लावू नका. पाणी ठेवा, दूध कधीच नाही.

शेवटची चूक एकट्याने काम करणं. खोलीत दुसरा माणूस हवा, आणि कोणत्या दवाखान्यात प्रतिविष आहे हे त्याला आधीच माहीत हवं. आपलं प्रतिविष वर सांगितलेल्या चार सापांसाठीच आहे. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर ते चालत नाही. "मला आधी दोनदा चावलाय, आता काही होत नाही" यावर विश्वास ठेवू नका. विषाशी पुन्हा पुन्हा संबंध आलेल्यांना उलट जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यात वेळ घालवू नका. हातपाय हलवू नका, सोबतच्या माणसाला १०८ला फोन करायला सांगा. आणि पिंजऱ्याला हात लावण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. हाताला सूज चढली की ती निघत नाहीत.