टॅकोमीटरचा काटा नाचतोय? हात घालण्याआधीची तयारी

छोट्या विमानात इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरला हात घालायचा तर पाने, टॉर्च, देखभाल पुस्तिका हे सगळं घ्यालच. मला सांगायचंय ते पी-लीडबद्दल. मॅग्नेटोपासून (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या उपकरणापासून) इग्निशन स्विचकडे जाणारी ही तार स्विच बंद केल्यावर मॅग्नेटोला अर्थ देते, म्हणजे अर्थिंग करून ठिणगी बंद करते. बऱ्याच छोट्या विमानांत इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटरला सिग्नल याच तारेवरून मिळतो, त्यामुळे आपला हात तिथे जाणारच. ती सुटली की किल्ली खिशात असली तरी मॅग्नेटो जिवंत. त्याला बॅटरी लागत नाही. पंखा (प्रोपेलर) हाताने जरासा फिरला तरी ठिणगी पडू शकते. मागच्या वेळी तार परत जोडली, पण अर्थ मिळतोय का हे बघायचंच राहिलं. म्हणून यादीत पहिलं नाव पी-लीडचं.

दुसरं, पंख्याकडे रोखून फेरे मोजणारा ऑप्टिकल टॅकोमीटर मागून आणा. पात्यांची संख्या नीट लावा आणि मोजणी दिवसाच्या उजेडात करा. लुकलुकणाऱ्या दिव्याखाली तो फसतो: 50 हर्ट्झच्या जुन्या ट्यूबलाइटकडे रोखला तर दोन पात्यांच्या सेटिंगवर मिनिटाला 3000 फेरे दाखवतो. मोजणारा खरा बोलतोय का हे तपासायला मात्र हीच युक्ती चालते. रोटॅक्स 912 यूएलएससारख्या गिअरबॉक्सवाल्या इंजिनात पंखा इंजिनापेक्षा हळू फिरतो, म्हणून पंख्याचा आकडा 2.43 ने गुणायला विसरू नका. ऑप्टिकल स्थिर आणि काटा नाचतोय, तर दोष मोजणीत. दोन्ही डळमळताहेत, तर इंजिनच डळमळतंय; टॅकोमीटरला हात लावू नका.

काटा कधी नाचतो ते लिहून ठेवा. रेडिओचं बटण दाबल्यावर? शील्डिंग (तारेवरचं संरक्षक आवरण) किंवा अर्थ बघा. अल्टरनेटर बंद केल्यावर शांत होतो? विजेचा गोंगाट तिथून येतोय. एकाच मॅग्नेटोवर आकडा गायब होतो? सिग्नल कुठून घेतलाय ते शोधा. हे न करता नवा टॅकोमीटर मागवू नका, पैसे वाया जातील.

केबलवाला यांत्रिक प्रकार असेल तर केबल कुठे तीव्र वळलीय, आतली तार कोरडी की झिजलेली, ते पाहा. सपाट टेबलावर लोळवली की वाकडी तार लगेच उड्या मारते. ग्रीस पुस्तिकेत सांगितलेलंच, तेही बेताने. वरची काही इंच कोरडी ठेवा, नाहीतर ते चढून टॅकोमीटरमध्ये जातं.

परवानाधारक अभियंत्याची सही, लाल रेषेची (कमाल फेऱ्यांची) खूण, टॅकोमीटर बदलल्यास जुन्याचे तास लॉगबुकात. झालं.

आणि परत पी-लीड. काउलिंग (इंजिनावरचं झाकण) लावण्याआधी जोडणी ओढून बघा. मग पुस्तिकेप्रमाणे इंजिन आयडलला (सर्वात कमी फेऱ्यांवर) आणून स्विच क्षणभर बंद: इंजिन मरायला लागलं पाहिजे. मॅग्नेटो चाचणीत (एका वेळी एकाच मॅग्नेटोवर इंजिन चालवून बघताना) आकडा अजिबात घसरला नाही तर खूश होऊ नका, दुसऱ्या मॅग्नेटोला अर्थ मिळत नाहीये. ही घसरण आपण त्याच टॅकोमीटरवर वाचतो, म्हणून ऑप्टिकलनेही मोजा. हे होईपर्यंत, आणि झाल्यावरही, पंख्याच्या कक्षेत कुणी उभं राहायचं नाही.