मॅक्रोच्या पोटातला बग कसा शोधावा

सी भाषेतल्या प्रोग्रॅममधला बग तासन्‌तास सापडत नाहीये आणि संशयित ओळीत सगळी अक्षरं कॅपिटल असलेलं एखादं नाव, म्हणजे बहुधा मॅक्रो (कोडच्या तुकड्याला दिलेलं टोपणनाव) आहे? मग ती ओळ वाचत बसू नका. कंपायलरसमोर जातो तो प्रीप्रोसेसरने (टोपणनावाच्या जागी मूळ कोड भरणाऱ्या टप्प्याने) उलगडलेला मजकूर. ‘मॅक्रोत ब्रेकपॉइंट लाव’ (म्हणजे तिथे प्रोग्रॅम थांबव) म्हणणाऱ्याने तो स्वतः कधी लावलेला नसतो. मॅक्रो केवढाही असो, ओळीओळीने प्रोग्रॅम चालवून दाखवणारा डीबगर तो एका ढांगेत ओलांडतो.

बिल्ड लॉगमधून त्या फाइलची जीसीसी कंपायलरची कमांड जशीच्या तशी उचला, ‘-सी’च्या जागी कॅपिटल ‘-ई’ (फक्त उलगडून थांब) घाला, आउटपुट फाइलचं नाव बदला. कॅपिटल ‘-डी’ने दिलेल्या व्याख्या गाळू नका, नाहीतर भलताच मॅक्रो उलगडेल. फाइल उघडून थेट तळाशी जा. वर सगळी जोडलेल्या हेडर फाइलींची भरती असते.

माझं घोडं अडलं ते यापुढे. सिरियल पोर्टवरचे बाइट गायब व्हायचे, तेही अधूनमधून. केबल बदलली, बॉड रेट (पोर्टचा वेग) तपासला. ओळ दिसायला साधी: मिन(रजिस्टर, मर्यादा), म्हणजे दोन्हींतलं लहान ते घे. उलगडल्यावर मात्र:

((रजिस्टर) < (मर्यादा) ? (रजिस्टर) : (मर्यादा))

पोर्टचं ते रजिस्टर एकदा वाचलं की फिफोतला (आलेल्या बाइटांच्या रांगेतला) एक बाइट निघून जायचा. म्हणजे तुलना पहिल्या बाइटशी, हातात दुसराच. बाइट मर्यादेहून मोठा असला की वाचन एकदाच, त्यामुळे कधी बिघाड, कधी नाही. रजिस्टर व्होलाटाइल (दर वेळी खरोखर वाचायलाच हवं असं जाहीर केलेलं), म्हणून ऑप्टिमायझरही दोन वाचनांचं एक करत नव्हता. त्यात मी डीबगरमध्ये तेच रजिस्टर उघडं ठेवलेलं. तोही बाइट खात होता!

तेव्हा उलगडलेल्या ओळीवर बोट ठेवून प्रत्येक अर्ग्युमेंट (मॅक्रोला कंसात दिलेली गोष्ट) किती वेळा आलंय ते मोजा. ‘कंस घाल, मॅक्रो सुरक्षित होतो’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. कंसाने क्रियांचा क्रम सांभाळला जातो, दुसरं वाचन टळत नाही. लपलेला रिटर्नही (फंक्शनमधून बाहेर पडायचा आदेश) हुडका. लॉक (सामायिक डेटावरचं कुलूप) घेतल्यावर मॅक्रो मधूनच परतला, तर लॉक सोडणार कोण? मॅक्रोभोवतीचं डू-व्हाइल-शून्यचं (एकदाच फिरणाऱ्या लूपचं) वेष्टण रिटर्नला अडवत नाही. लूप थांबवणारा आतला ब्रेक मात्र तिथेच जिरतो आणि बाहेरचं लूप चालूच राहतं.

दोषी सापडला की मॅक्रो उडवा आणि स्टॅटिक इनलाइन फंक्शन लिहा. इनलाइन (कॉलच्या जागीच फंक्शनचा कोड भरायची सोय) सी99पासून, म्हणजे 1999च्या आवृत्तीपासून, सीच्या मानकात आहे, वेगाची सबब सांगू नका. फाइलचं नाव नि ओळ क्रमांक हवा असेल तिथे मॅक्रो लागतोच. पण त्याने ते दोन्ही गोळा करून फंक्शनच्या हवाली करावेत, बस्स.