रॅम्प आधी मोजा, मग तक्रार करा

माझी ताई व्हीलचेअर वापरते. तिला घेऊन आमच्या तालुक्यातल्या एका सरकारी ऑफिसात गेलो होतो तेव्हाची गोष्ट. रॅम्प होता, नाही असं नाही, पण इतका उभा की मी आणि वॉचमन दोघांनी मिळून खुर्ची वर ढकलली. उतरताना तर तिला पाठमोरंच आणावं लागलं, नाहीतर ती तोंडावर पडली असती, आणि तोपर्यंत तिने दोन्ही हातांनी चाकाच्या रिंगा इतक्या आवळून धरल्या होत्या की तळहात लाल झाले. मी रागारागात अर्ज दिला की इथे दिव्यांगांसाठी काही सोय नाही. उत्तर आलं एका ओळीचं, "कार्यालयात रॅम्प उपलब्ध आहे." विषय संपला.

मग दुसऱ्यांदा टेप घेऊन गेलो. ओट्याची उंची ६० सेंटिमीटर, रॅम्पची लांबी ३ मीटर, म्हणजे उतार १:५. जास्तीत जास्त चालतो १:१२, म्हणजे रॅम्प किमान ७.२० मीटर लांब पाहिजे होता. कठडाही नव्हता. एवढंच लिहिलं आणि फोटो जोडले, तर या वेळी इंजिनिअर स्वतः टेप घेऊन आला. म्हणून सांगतो, तक्रारीत राग कमी आणि आकडे जास्त असू द्या.

मोजायचं कसं तर सोपं आहे. १:१२ म्हणजे जेवढी उंची चढायची त्याच्या १२ पट लांबी. एक पायरी साधारण १५ सेंमी धरली तर तिला १.८० मीटर रॅम्प लागतो, तीन पायऱ्यांना ५.४० मीटर, पाच पायऱ्यांना ९ मीटर. टेप नसेल तर फोनमधलं लेव्हलचं ॲप चालू करून फोन रॅम्पवर सपाट ठेवा, ५ डिग्रीच्या वर आकडा दिसला की रॅम्प उभा आहे समजा (१:१२ म्हणजे पावणेपाच डिग्रीच्या आसपास येतं). रुंदी किमान १२०० मिमी हवी, कठडे दोन्ही बाजूंना हवेत, आणि ते रॅम्प सुरू व्हायच्या आधी व संपल्यानंतर ३०० मिमी पुढे आलेले हवेत. आणि बघा की रॅम्पच्या तोंडाशी टू-व्हीलर लावल्यात का, कारण कित्येक ठिकाणी रॅम्प मापात असतो पण त्याच्यापर्यंत पोचताच येत नाही. तोही फोटो काढा.

दरवाजा मोजताना चौकट ते चौकट मोजू नका, दार उघडं ठेवून पल्ल्यापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा, ती जागा ९०० मिमी मोकळी पाहिजे. लिफ्टमध्ये बटणांवर ब्रेल आहे का आणि मजल्याचा आवाज येतो का ते बघा. नसेल तर न दिसणाऱ्या माणसाला कितवा मजला आला ते दुसऱ्याला विचारावं लागतं. फुटपाथवरच्या पिवळ्या फरश्या न दिसणाऱ्यांना पायाने किंवा काठीने वाट कळावी म्हणून असतात, त्याही बघा: लांब पट्ट्या म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा किंवा पुढे धोका आहे, आणि आपल्याकडे त्या पट्ट्या बरेचदा थेट विजेच्या खांबात नाहीतर झाडात जाऊन संपतात.

टॉयलेट मात्र नीट वेळ काढून बघा, खरा त्रास तिथेच होतो. दारावर व्हीलचेअरचं चित्र असतं, आत बादल्या, झाडू, फिनेलचे कॅन आणि एक मोडकी खुर्ची. नाहीतर कुलूप, आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नसतं. ताई बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाही, हे मला कितीतरी वर्षं कळलंच नव्हतं. आत गेलात की चार गोष्टी बघा: खुर्ची गोल फिरवायला १५०० मिमीचं वर्तुळ बसतं का, कमोडच्या शेजारी व्हीलचेअर लावता येते का, कमोडची सीट ४५० ते ४८० मिमी उंचीवर आहे का, आणि भिंतीतले धरायचे बार ओढून बघितले तर हलतात का. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, आत उघडणारं दार असलं की माणूस आत पडला तर ते उघडता येत नाही.

आता कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. लोकांना वाटतं हा फक्त सरकारी इमारतींना आहे, तसं नाही. लोकांची ये-जा असलेली इमारत, मग ती खाजगी असली तरी, यात येते: दवाखाना, शाळा, मॉल, देऊळ, बस स्टँड, सगळं. कलम ४४ सांगतं की नियमात न बसणाऱ्या नकाशाला बांधकाम परवानगी द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. कलम ४५ जुन्या इमारतींसाठी, त्यांना नियम आल्यापासून ५ वर्षं दिली होती, नियम आले जून २०१७ मध्ये, म्हणजे ती मुदत २०२२ लाच संपली. कलम ८९ मध्ये दंड आहे, पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, नंतर ५० हजार ते ५ लाख.

एक गोष्ट लक्षात ठेवा कारण ऑफिसात यावरून वाद घालतात. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्यांच्या केसमध्ये (याचिका २००५ ची आहे!) सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं की केंद्राच्या नियमांतला नियम १५(१) कायद्याशी जुळत नाही, कारण कायदा सक्ती करतो आणि नियमात नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सरकारला ३ महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितलं. तेव्हा "त्या फक्त गाईडलाइन आहेत साहेब" असं कोणी म्हटलं तर या निकालाचा उल्लेख करा, आणि अर्जात आधी कायद्याची कलमं लिहा, मापं त्याच्या खाली.

अर्जाआधी एक माहिती अधिकार टाका, हे फार कामाला येतं. नगरपरिषद किंवा महापालिकेच्या नगररचना विभागाकडे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत वापरायला दिलेल्या परवानगीची) प्रत मागायची, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत (महाराष्ट्राच्या नियमात तसं आहे, लांबलचक अर्ज परत येतो). ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. बरेचदा नकाशात रॅम्प छान काढलेला असतो, टॉयलेटही असतं, जागेवर मात्र दुकानाचा गाळा निघतो. नकाशा आणि फोटो शेजारी शेजारी लावले की बाकी काही लिहायला लागत नाही.

मग अर्ज आधी त्याच ऑफिसला, पोच घेऊन. महिनाभर काही हललं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. रेल्वे, पोस्ट, केंद्राची ऑफिसं असतील तर दिल्लीच्या दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे. तक्रार करणारा स्वतः दिव्यांग असायलाच पाहिजे असं काही नाही, आयुक्त आपणहूनही दखल घेऊ शकतात, म्हणून शेजारचे आजोबा काठी घेऊन धडपडतायत हे दिसलं तरी लिहा. आयुक्तांना समन्स काढायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की समोरच्याने ३ महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, आणि शिफारस मान्य नसेल तर कारण तुम्हालाही कळवायचं असतं. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. सुगम्य भारत या केंद्र सरकारच्या ॲपवर फोटो टाकता येतो, तोही टाका, पण लेखी अर्ज सोडू नका.

आणि "काम पूर्ण झाले" असं पत्र आलं की लगेच तक्रार बंद करायला सही देऊ नका. आमच्या इथे पत्र आलं तेव्हा मी ताईला घेऊनच गेलो. रॅम्प लांब झाला होता, उतार बरोबर होता, पण वरती गुळगुळीत चकचकीत टाइल्स लावलेल्या आणि कठडा एकाच बाजूला. ताईने खुर्ची वर नेली, ओल्या फरशीवर चाक घसरलं, ती म्हणाली, "पावसाळ्यात इथे कुबड्या घेऊन कोण येणार?" ते तसंच लिहून दिलं, टाइल्स काढून खरबरीत फरशी बसवली, दुसरा कठडा आला, आणि मगच सही केली.