गोव्याच्या पावसाळ्यात हाफ मॅरेथॉन: भिजणे सोडा, घासणे आणि घसरणे सांभाळा

पाऊस एकदा लागला की कोरड्या रस्त्याची वाट बघत बसणाऱ्याचा सराव गणेश चवथीपर्यंत होत नाही. धावायचे तर पावसातच. पण बहुतेक जण तयारी करतात ती भिजू नये म्हणून. रेनकोट घेतात, वॉटरप्रूफ बूट शोधतात. गणित इथेच चुकते. जुलैतल्या पहाटे पणजीत तापमान २४-२५ अंशांच्या आसपास असते आणि हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या मागेपुढे. अशा हवेत २१.१ किलोमीटर धावणारा पाऊस नसला तरी घामाने भिजणारच. धाव बिघडते ती न वाळणाऱ्या घामाने, घासणाऱ्या कातडीने आणि पायाखालच्या रस्त्याने.

घामापासून सुरुवात करू. घाम वाळतो तेव्हा अंगातली उष्णता घेऊन जातो. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. त्यामुळे पाणी आणि मीठ जाते, अंग मात्र तापलेलेच राहते. सर चालू असताना गार वाटते म्हणून पाणी प्यायचे राहून जाते आणि तेराव्या-चौदाव्या किलोमीटरला पाय जड होतात. आपला घाम किती जातो हे आधीच मोजून ठेवा. धावण्यापूर्वी कपडे काढून वजन करा. शर्यतीच्या वेगाने एक तास धावा. परत आल्यावर ओले कपडे काढून, केसांसकट अंग कोरडे पुसून पुन्हा वजन करा. पुसायचे राहिले तर केसांतले पाणी आकडा बिघडवते. समजा ६४.० किलोचे ६३.२ झाले आणि वाटेत २०० मिलीलीटर पाणी प्यायलात, तर तासाला १ लिटर घाम गेला. धावताना त्यातला निम्म्यापासून पाऊण हिस्सा परत घालायचा, म्हणजे दर वीस मिनिटांनी साधारण १७० ते २५० मिलीलीटर. सगळाच भरून काढायचा हट्ट धरू नका. साधे पाणी गरजेपेक्षा जास्त ढोसले तर रक्तातले सोडियम पातळ होते. मळमळ, डोकेदुखी, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे ही त्याची लक्षणे. म्हणून निम्म्या वेळा ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवायची मीठ-साखरेची पूड, घ्या. १ लिटरचे पाकीट १ लिटरमध्येच, पूर्ण एकदम विरघळवायचे. अर्धे पाकीट आणि अंदाजाचे पाणी हा प्रकार नको. खोक्यातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे.

याच कारणाने वेगाचे लक्ष्यही हलवावे लागते. कोरड्या, थंड हवेत तुम्ही २ तास १५ मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला ६:२४ ने धावत असाल, तर पावसाळ्यात ६:४० धरा. शेवट २:२१ च्या आसपास होईल. पहिले ५ किलोमीटर त्याहूनही दहा सेकंद हळू गेले तरी बिघडत नाही. वाऱ्यासमोर घड्याळाकडे बघूच नका, श्वासाकडे बघा. दम तोच ठेवायचा, वेग पडेल तेवढा पडू द्यायचा.

कपडे जितके कमी तितके बरे. सुती बनियन आणि सुती मोजे बाद, ते पाणी धरून ठेवतात. पातळ, अंगाबरोबरचा सिंथेटिक टी-शर्ट घाला. ढगळ कपडा ओला झाला की जड होऊन लोंबतो आणि घासतो. प्लॅस्टिकच्या जाकिटात आतल्या आत उकडते. सुरुवातीच्या रेषेवर ताटकळताना कचऱ्याची मोठी पिशवी डोक्या-हातांची भोके पाडून घाला आणि शिटी व्हायच्या आधी काढून कचराडब्यात टाका. खरा उपयोग असतो तो पुढे पट्टी असलेल्या टोपीचा, कारण डोळ्यांत पाणी गेले की खड्डा दिसत नाही.

व्हॅसलीनमध्ये कंजुषी करू नका. मांड्यांची आतली बाजू, काखा, कमरेच्या इलास्टिकखालचा पट्टा, पायांच्या बोटांच्या बेचक्या आणि बायकांनी ब्राच्या खालच्या शिवणीची जागा, इथे जाडसर थर द्या, बोट फिरवले तर पांढरट दिसेल इतका. पुरुषांनी स्तनाग्रांवर आधी चिकटपट्टी लावावी आणि मग आसपास व्हॅसलीन. क्रम उलटा झाला तर पट्टी दुसऱ्याच किलोमीटरला गळून पडते, आणि पांढऱ्या टी-शर्टावर दोन लाल रेघा घेऊन शेवट गाठावा लागतो.

बूट जाळीचेच हवेत. वॉटरप्रूफ बुटात पाणी वरून, घोट्यापाशी शिरतेच आणि मग बाहेर पडत नाही. बुटाचा तळ उलटा करून बघा. टाचेची आणि चवड्याची नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर तो जोड पावसाळ्यात चालायलाही ठेवू नका. लेस ओली झाली की सैल होते, म्हणून दुहेरी गाठ मारा आणि टोके खाली खोचा. नवे मोजे शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालणे हा मूर्खपणा. तोच जोड आधी निदान दोनदा पावसात १२-१५ किलोमीटर पळवून बघा.

आता रस्ता. चार-पाच कोरड्या दिवसांनंतर पहिली सर येते तेव्हा डांबरावरचे तेल वर तरंगते, ती पहिली पंधरा-वीस मिनिटे सगळ्यात निसरडी. झेब्राचे पांढरे पट्टे, पुलांवरचे लोखंडी सांधे, गटारांची झाकणे यांवर पाय टेकवताना वळू नका आणि जोरही लावू नका. सरळ, छोटी पावले टाका. चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून असलेल्या कडेवर जुलैपर्यंत हिरवे शेवाळ धरते. अंधारात ते नुसते काळे दिसते आणि पाय साबणावर पडल्यासारखा जातो. पणजीतल्या अल्तिनो टेकडीच्या उतारावर म्हणूनच कडेने पळण्यापेक्षा डांबराचा खरखरीत भाग धरावा, तोही समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा उजव्या बाजूने. पाणी साचलेल्या ठिकाणी तळ दिसत नसेल तर चालत, शक्यतो वळसा घालून जा. त्याखाली खड्डा असू शकतो, उघडे गटारही. तुटून पडलेली वीजतार दिसली तर त्या रस्त्याने जाऊच नका. भिजलेल्या जमिनीतूनही धक्का बसतो.

लांब सरावासाठी पणजीकरांची आवडती वाट म्हणजे रायबंदरमार्गे जुने गोवे. १६३३-३४ साली पोर्तुगीजांनी बांधलेला रायबंदरचा कॉजवे, म्हणजे पाण्यालगतचा बांधरस्ता, सपाट, सुमारे ३ किलोमीटरचा. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे, आणि वाऱ्याला अडवायला काही नाही. पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणजे जाताना पाठीशी आणि दमलेले असताना परत येताना तोंडावर. लांब पल्ल्याला हे महागात पडते. रायबंदर बाजूने सुरुवात करून आधी पणजी, मीरामार, दोना पावलापर्यंत वाऱ्यासमोर जा आणि वारा पाठीशी घेऊन परत या. गटात असाल तर मीरामारच्या उघड्या पट्ट्यात एकामागे एक पळा आणि पुढचा माणूस दर किलोमीटरला बदला.

पावसात धावता येते, विजेत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत गडगडले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. थांबा, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. माडाखाली उभे राहणे म्हणजे विजेला पत्ता देणे. कॉजवे आणि पूल तर सगळ्यात वाईट. मे अखेर-जूनची सुरुवात आणि ऑक्टोबर हे विजेचे दिवस, ऐन जुलैत त्या मानाने कमी. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ११५.६ मिलीमीटरपासून पुढे अतिजोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस. लाल इशारा असेल त्या दिवशी घरात जिना चढा-उतरा, एखादा सराव बुडल्याने शर्यत बुडत नाही.

शर्यतीच्या पहाटे अडीच-तीन तास आधी उकड्या तांदळाची पेज आणि मीठ, किंवा उंडो (गोव्याचा गोल पाव) आणि केळे, एवढे पुरे. लोणच्याचा मोह टाळा. धावताना ताकदीसाठी घ्यायच्या गोड जेलची पाकिटे आधीच कोपऱ्यात जराशी कापून ठेवा, ओल्या हातांनी ती फाटत नाहीत. पहिले पंचेचाळीस मिनिटांनी, पुढचे तितक्याच अंतराने. बिब, म्हणजे छातीवरचा शर्यतीचा नंबर, चारही कोपऱ्यांना पिनने लावा. घड्याळाचा टच बंद करा, नाहीतर पावसाचे थेंबच ते थांबवतात. मोबाइल झिपच्या पिशवीत ठेवा, पण पिशवी बंद करण्यापूर्वी हात कोरडे करा, ओल आत कोंडली तर पिशवीचा उपयोग शून्य.

शेवट गाठल्यावर फोटोंआधी कोरडा टी-शर्ट घाला. थांबलात की पाच मिनिटांत थंडी भरते. पाय साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, फोड सोलू नका. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत मिसळलेले असू शकते आणि त्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू जखमेतून शिरतात. म्हणून पायाला चीर असेल तर निघण्याआधीच जलरोधक पट्टी लावायची. धावल्यानंतर पाच ते चौदा दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांना चिखलपाण्यात धावल्याचे आधी सांगा. नाहीतर निदान डेंगू-फ्लूकडे वळते.

बूट उन्हात किंवा चुलीपाशी ठेवू नका, डिंक सुटतो. आतला तळवा काढा, बुटात चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद भरा, दोन तासांनी बदला, रात्री पुन्हा बदला. पंख्याखाली आडवे ठेवले तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाळतात. जुलैत दोन जोड लागतात ते एवढ्यासाठीच.