लिक्विड फेज सिंटरिंगवर, म्हणजे दाबलेली पावडर थोड्या द्रवाच्या मदतीने भट्टीत भाजून घट्ट करण्यावर, काम सुरू करताय?

सिरॅमिक्सच्या लॅबमध्ये नवीन आलेली मुलं बहुतेक एकच समजूत घेऊन येतात: पावडरमधला थोडा भाग वितळतो, भोकांत शिरतो, भोकं बुजतात. एवढंच असतं तर पेलेट (पावडर दाबून केलेली वडी) आकसलाच नसता!

माझं काम ९६ टक्के ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियम ऑक्साइडवर). उरलेल्या चार टक्क्यांत टाल्क, चिनी माती आणि कॅल्शियम कार्बोनेट. ॲल्युमिना वितळायला २०५० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं, पण ही चार टक्के मंडळी थोडं ॲल्युमिना पोटात घेऊन १४०० च्या आतच काचेसारखा द्रव होतात. मध्ये पाणी असलेल्या दोन काचा जशा सुटता सुटत नाहीत, तसा हा द्रव कणांना एकमेकांकडे ओढतो. अट एकच, त्याने कण भिजवले पाहिजेत. पृष्ठताण ०.३ न्यूटन प्रति मीटर आणि छिद्राची त्रिज्या ०.१ मायक्रॉन धरून गणित मांडा. ओढ सहा मेगापास्कल, म्हणजे साठेक वातावरणांइतकी निघते.

तरीही एवढ्याशा द्रवात कण नुसते सरकून काम भागत नाही. कण जिथे टेकतात तिथे दाब जास्त, म्हणून विरघळणंही जास्त. तिथलं ॲल्युमिना द्रवातून वाहत जाऊन दुसरीकडे बसतं आणि कणांची केंद्रं जवळ येतात. सिरॅमिक्सचे अमेरिकन शास्त्रज्ञ किंजरी यांनी १९५९ मध्ये याचं गणित दिलं: विसरणामुळे (द्रवातून अणू पसरत जाण्यामुळे) वेग अडत असेल तर आकुंचन वेळेच्या एक-तृतीयांश घातात वाढतं, पृष्ठभागावरच्या अभिक्रियेमुळे अडत असेल तर अर्ध्या घातात. परीक्षेला हे सगळे पाठ करतात. लॉग-लॉग आलेख काढून चढ मोजणारे थोडे.

म्हणून भट्टीचं तापमान वाढवत बसण्याआधी डायलाटोमीटरचा (तापवताना नमुन्याची लांबी मोजणाऱ्या यंत्राचा) वेळ मिळवा. आलेखावरची लांबीची रेषा संथ उतरत असते आणि द्रव झाला की झपकन खाली येते. ते तापमान वहीत लिहा. मात्र नमुना मऊ पडला की पुशरॉड (नमुन्याला टेकलेला यंत्राचा दांडा) त्यात रुततो आणि आकुंचन फुगवून दिसतं. व्हर्नियरने उंची आणि व्यास दोन्ही मोजा. व्यासापेक्षा उंची बरीच जास्त घटली असेल तर तो आकडा रॉडचा. ६० टक्के घनतेचा कच्चा पेलेट ९८ टक्क्यांवर गेला तर उंचीत आणि व्यासात, दोन्हींत साधारण १५ टक्के आकसायला हवा.

सोकिंग (कमाल तापमानावर ठेवण्याचा वेळ) वाढवल्यावर घनता उलट घसरली तर बंद छिद्रांतला वायू बघा. कण मोठे होतात, छिद्रं एकमेकांत मिसळून फुगतात. तिथे जास्त वेळ देऊन काहीच साधत नाही.