कट्स येत नाहीत? या चुका टाळा

दिवाळी सरली की व्यायामशाळेत नवी पोरं येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, कट्स किती दिवसांत येतील?" कट्स म्हणजे चरबी उतरल्यावर स्नायूंवर दिसणाऱ्या रेघा. मी आधी बेंबीपाशी टेप लावून पोटाचा घेर मोजतो आणि वहीत लिहायला लावतो. ज्याला तेवढाही धीर नसतो, तो महिनाभरात दिसेनासा होतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे जेवण आणि वजनं एकदमच तोडणं. आमच्याकडे ७८ किलोचा एक पोरगा होता. खांद्यावर १०० किलोचा बार घेऊन पाच बैठका मारायचा. तालुक्याच्या स्पर्धेला सात आठवडे राहिले तेव्हा मला न विचारता त्याने भात, पोळी, तेल सगळं बंद केलं. सकाळी काकडी, दुपारी उकडलेली भाजी, रात्री ताक. कटिंगमध्ये, म्हणजे चरबी उतरवायच्या काळात, हलकं वजन घेऊन जास्त रेप्स (आवर्तनं) मारायचे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून जड बारही सोडला आणि ट्रेडमिलवर दीड-दीड तास पळत सुटला.

पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले, स्वारी खूश. पण त्यात बरंचसं पाणीच होतं. स्नायूंत साठलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर, साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी तोडली की ते आधी जातं. सातव्या आठवड्यात वजन ६७ वर आलं. गालफडं बसली, खांदे उतरले, ७० किलोच्या बैठकीला पाय थरथरायला लागले, आणि बेंबीखालची चरबी मात्र अजून चिमटीत येत होती. शरीराला प्रथिनं मिळेनात आणि जड वजन उचलायचं कारणही उरलं नाही, मग त्याने स्नायू कशाला सांभाळावेत?

वरून शेवटचे दोन दिवस त्याने पाणीही बंद केलं. स्टेजमागे तेल लावता लावताच कोसळला. ओठ पांढरे पडले होते, मी चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत होतो आणि माझे हात कापत होते. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझासारखा जागतिक दर्जाचा शरीरसौष्ठवपटू नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर काही तासांत गेला, तो अंगातलं पाणी काढण्याच्या याच नादात. आमचा पोरगा कोसळला त्या दिवसापासून पाणी तोडतो म्हणणाऱ्याला मी तयारीलाच घेत नाही.

माझी पद्धत साधी आहे. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरलं की पुरे. ७५ किलोच्या माणसाला साधारण ४०० ते ७५० ग्रॅम. रोज चारशे-पाचशे कॅलरी कमी खा. बैठक, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) आणि पुलअप्सचे (दांड्याला लटकून अंग वर खेचणं) आकडे वहीत लिहा आणि ते जपा. सलग दोन आठवडे आकडे घसरले की मी ताटात एक भाकरी वाढवतो.

दुसरी चूक घराघरांत होते आणि ती कुणाला दिसत नाही. त्याच पोराने पुढच्या वर्षी नीट सुरुवात केली, तरी घेर हलेना. "सर, दोनच पोळ्या खातो," शपथेवर सांगायचा. मी काटा घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "तेल फार नसतंच हो सर, फोडणीला एकच पळी." ती पळी मी भरून काट्यावर ओतली: ३० ग्रॅम. भाजीला एक, आमटीला एक, दोन वेळा. दिवसाला १२० ग्रॅम. घरात माणसं तीन, म्हणजे माणशी ४० ग्रॅम, ३६० कॅलरी. येता-जाता मूठभर शेंगदाणे, ३० ग्रॅम, म्हणजे आणखी १७०. पोरगा खोटं बोलत नव्हता, त्याने पळी कधी धरलीच नव्हती. काकूंनी त्या दिवसापासून फोडणी चहाच्या चमच्याने मोजून घातली. या वेळी पोराने पाच महिने घेतले. ७७ वरून ७१ वर आला, बैठक ९५ किलोवर टिकली आणि पोटाच्या रेघा आपोआप दिसायला लागल्या.

वरण म्हणजे भरपूर प्रोटीन, हा समज सोडा. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅमच असतं. ७० किलोच्या माणसाला या काळात रोज ११० ग्रॅमच्या आसपास लागतं. अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, कोरड्या ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत २६. वड्या स्वस्त आणि मस्त, माझ्या डब्यात असतातच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

रोज ५०० क्रंचेस (पाठीवर झोपून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) मारून पोटाचीच चरबी जात नाही. ती कुठून आधी जायची ते शरीर ठरवतं.

रोजच्या वजनाला घाबरू नका. रात्री पापड-लोणचं झालं तरी सकाळी किलोभर वाढतं. मी सात दिवसांची सरासरी काढतो.

झोप सहा तासांच्या खाली नेऊ नका. अपुऱ्या झोपेत वजन उतरलं तरी त्यात चरबी कमी आणि स्नायू जास्त जातो.

आणि फॅट बर्नरचे, म्हणजे चरबी जाळतो म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या-पावडरींचे, डबे दाखवायला माझ्याकडे आणू नका. बहुतेकांत मुख्य माल कॅफिनच असतो, तो चहा-कॉफीतही मिळतो. त्या पैशांची अंडी घ्या.